टेबलाशी कोण बोलतं?

मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घरी थोडं थोडं लॅटिन शिकवते हे कळलं की काही जण हसतात आणि काही जण भारावून जातात. हसणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. धास्ती वाटते ती भारावणाऱ्यांची. 'बुद्धीला धार येत असेल नाही?', 'तर्कशक्ती वाढते म्हणतात', 'पुढे इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश सगळं सोपं जाईल', अशी वाक्यं येऊ लागतात आणि बघता बघता लॅटिन ही भाषा राहत नाही, तिचं टॉनिक होतं. रोज एक चमचा.

लहान मुलाला घरी लॅटिन जरूर शिकवावं, पण टॉनिक म्हणून शिकवू नये, असं माझं म्हणणं आहे. कारण चुकलं की पद्धतही चुकते, आणि लॅटिनच्या बाबतीत कित्येक पिढ्या नेमकं हेच होत आलं आहे.

आधी टॉनिकचा हिशेब करून टाकू. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये साडेआठ हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचे निकाल मांडले. वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक, आणि मध्ये कोणी कोणते विषय घेतले याची नोंद. लॅटिन घेतल्याने विचारशक्ती इतर विषयांपेक्षा विशेष वाढते, असं काही दिसलं नाही. लॅटिन शिकणारी मुलं हुशार दिसत, कारण मुळात हुशार मुलंच लॅटिन घेत. पुढे २००३ मध्ये जर्मनीत एक छोटा अभ्यास झाला. स्पॅनिश नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी शाळेत लॅटिन केलं होतं, काहींनी फ्रेंच. स्पॅनिशमध्ये सरस ठरली ती फ्रेंचवाली मुलं. स्पॅनिश आणि फ्रेंच दोन्ही लॅटिनपासून निघालेल्या, तिच्या मुलीच. म्हणजे लॅटिनच्या एका मुलीकडे जायचं तर आईच्या ओळखीपेक्षा दुसऱ्या मुलीची ओळख जास्त कामी येते.

विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. फिलाडेल्फियातल्या शाळांत साधारण १९७० च्या सुमारास दहा-अकरा वर्षांच्या मुलांना लॅटिन शिकवलं गेलं आणि इंग्रजी शब्दसंग्रहाच्या चाचण्यांत ती पुढे गेली. पण त्या वर्गांत तोंडी लॅटिन होतं, खेळ होते आणि इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं मुद्दाम उकलून दाखवली जात होती. जे शिकवलं ते आलं, यात जादू कसली? इंग्रजी शब्दांपैकी निम्म्याहून अधिक थेट किंवा फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेले आहेत हे खरं. तरीही मुलाला इंग्रजी शब्दच यायला हवे असतील तर सरळ इंग्रजी गोष्टी वाचून दाखवाव्यात. त्यासाठी रोमवरून फेरा मारणं म्हणजे निव्वळ द्राविडी प्राणायाम.

पण ही समजूत नुसती चुकीची असती तर मी इतकं लिहिलं नसतं. ती घातक आहे. लॅटिन हा व्यायाम आहे असं एकदा मानलं की तो जितका अवघड तितका चांगला ठरतो. मग तक्ते येतात, तक्त्यांची घोकंपट्टी येते, आणि मूल कंटाळलं तर तो कंटाळाच औषध लागू पडल्याची खूण ठरतो. विन्स्टन चर्चिल यांनी १९३० च्या आपल्या आठवणींत याचा एक नमुना नोंदवून ठेवला आहे. सात-आठ वर्षांचा हा मुलगा शाळेत दाखल झाला त्याच दिवशी त्याला 'मेन्सा' शब्दाच्या विभक्तींचा तक्ता पाठ करायला दिला. मेन्सा म्हणजे टेबल. त्याने पाठ केला, म्हणूनही दाखवला आणि मग विचारलं, 'मेन्सा'चा दुसरा अर्थ 'हे टेबला' असा का दिलाय? मास्तर म्हणाले, ते संबोधन आहे, टेबलाशी बोलताना वापरायचं. मुलगा म्हणाला, पण मी तर टेबलाशी कधी बोलत नाही. त्यावर, उद्धटपणा केलास तर कडक शिक्षा होईल, अशी समज मिळाली.

हा किस्सा लॅटिनची टिंगल म्हणून सांगितला जातो. मला त्यात वेगळंच दिसतं. टेबलाशी बोलणारी माणसं जगात असतात, आणि ती नेमकी सात वर्षांच्या आतली असतात. टेबलाचा कोपरा लागला की मूल टेबलाला रागावतं, बाहुलीला झोपवताना दटावतं, चेंडूला हाक मारतं. वस्तूला संबोधन वापरण्याची खरी गरज आयुष्यात याच वयात असते. मास्तरांच्या पुढ्यात त्या विभक्तीचा हक्काचा मालक बसला होता आणि त्यांनी त्याला छडीचा धाक दाखवला.

मीही सुरुवात तक्त्यानेच केली होती, हे कबूल करते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत, रंगीत. चार दिवसांनी मुलगी त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागली. नंतर एकदा तिला टेबल लागलं तेव्हा मी तिच्या वतीने टेबलाला म्हटलं, 'मेन्सा, मला एस!' म्हणजे टेबला, तू वाईट आहेस. ती रडता रडता थांबली. 'मला काय?' तिने विचारलं. मराठीतलं 'मला' आणि लॅटिनमधलं 'मला' यांची ती गंमत आठवडाभर पुरली. तक्ता मी काढून ठेवला.

यात मी काही शोध लावला नाही. ही अक्कल लॅटिनइतकीच जुनी आहे. रोमन लोक प्राथमिक शाळेला 'लूदुस' म्हणत आणि खेळालाही 'लूदुस'च म्हणत. अर्थात नावाप्रमाणे शाळा असतेच असं नाही. होरेस या कवीने आपल्या ऑर्बिलियस नावाच्या मास्तरांना दिलेलं 'मारकुटे' हे विशेषण दोन हजार वर्षं टिकलं आहे. पण पहिल्या शतकातच क्विन्टिलियन या रोमन शिक्षकाने मुलांना मारण्याला स्वच्छ विरोध केला, हस्तिदंती अक्षरं खेळायला द्यावीत असं सुचवलं आणि अभ्यासाची गोडी लागण्याआधीच त्याची शिसारी बसणार नाही हे पाहावं, असं बजावलं. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत वाढलेल्या संत ऑगस्टिनने तर स्वतःवरच झालेला प्रयोग सांगितला आहे. लॅटिन तो दायांच्या लाडात, हसण्याखेळण्यात, कसलाही धाक नसताना शिकला. ग्रीक त्याला शाळेत धमक्या आणि शिक्षा देऊन शिकवली गेली. लॅटिनमध्ये तो जगातल्या मोठ्या लेखकांपैकी एक झाला आणि ग्रीकचा तिटकारा त्याला जन्मभर आठवत राहिला. मूल तेच, डोकं तेच.

मग घरी करायचं काय? मी आज्ञांपासून सुरू केलं. पाठ्यपुस्तकं 'आमो, आमास, आमात' म्हणजे मी प्रेम करतो, तू प्रेम करतोस, असं सुरू होतात. सहा वर्षांच्या मुलाला प्रेमाचं रूप चालवून काय मिळणार? त्याच्या कानावर दिवसभर पडतं ते 'ऊठ', 'बस', 'ये', 'दे', 'दार लाव'. लॅटिनमध्ये सुर्गे, सेदे, वेनी, दा, क्लाउदे यानुआम. मराठीसारखंच तिथेही आज्ञार्थ हे क्रियापदाचं सगळ्यात आखूड रूप असतं. एकदा ऐकलं की कळतं, कारण ते करून दाखवता येतं. आठवडाभराने भूमिका बदलायच्या. मुलाने हुकूम सोडायचे आणि मोठ्यांनी उठाबशा काढायच्या. यासारखी दुसरी कुठलीही उजळणी मला माहीत नाही. केंब्रिजच्या पर्स स्कूलमध्ये १९०२ पासून मुख्याध्यापक असलेले रूझ हे गृहस्थ असंच करत. 'मी उठतो' म्हणायचं आणि उठायचं, 'मी चालतो' म्हणायचं आणि चालायचं.

आणि इथे आणखी एक मजा आहे. लॅटिनमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात, आणि अभिजात लॅटिनमध्ये अहो-जाहो नाही. सम्राटालाही 'तू'. घरातल्या मोठ्यांना बिनधास्त अरे-तुरे करायची परवानगी देणारी भाषा कुठल्या मुलाला आवडणार नाही?

मराठी बोलणाऱ्या घरात लॅटिन शिकवणाऱ्याला एक सवलत मिळते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण आपण लॅटिन शिकतो ते इंग्रजी पुस्तकांतून. त्या पुस्तकांत पानंच्या पानं एका गोष्टीवर खर्च होतात. शब्दाचा शेवट बदलला की त्याचं वाक्यातलं काम बदलतं, जागा बदलून काही होत नाही. इंग्रजी मुलाला हे नवल वाटतं, म्हणून ते घोळून घोळून सांगावं लागतं. 'पुएर कानेम विदेत' याचं शब्दाला शब्द ठेवून मराठी करा: मुलगा कुत्र्याला बघतो. क्रमही तोच. आता 'कानेम पुएर विदेत' म्हणा: कुत्र्याला मुलगा बघतो. बघणारा अजून मुलगाच आहे, हे चार वर्षांचं मूलही सांगेल. तीन लिंगं आहेत, तीही आपल्याकडे आहेत. 'मी झोपते' यातला 'मी' गाळला तरी चालतं, तसंच 'दोर्मिओ' एवढंच पुरतं. ज्याला व्याकरणाच्या पुस्तकात लॅटिनचा बाऊ म्हणतात, तो निम्मा बाऊ मराठी मूल तोंडात घेऊनच जन्माला येतं. त्यासाठी तक्ता कशाला? नेहमीच्या बोलण्याशेजारी लॅटिन वाक्य ठेवलं की काम झालं.

ह्रस्व-दीर्घाचंही तसंच. रोमन लिपीत स्वराच्या डोक्यावर रेघ देऊन जे दाखवावं लागतं, ते देवनागरीत आपसूक लिहिलं जातं. 'मलुम' म्हणजे वाईट गोष्ट, 'मालुम' म्हणजे सफरचंद. 'लिबेर' म्हणजे पुस्तक, 'लीबेर' म्हणजे स्वतंत्र, आणि त्याच 'लीबेर'चं अनेकवचन 'लीबेरी' म्हणजे मुलं. (ए आणि ओ मात्र देवनागरीतही फसवतात, तिथे कानच तयार करावा लागतो.) उच्चार प्राचीन रोमनांचा घ्यावा की चर्चमधला, यावर मोठी माणसं हमरीतुमरीवर येतात. घरात कुठलाही एक घ्यावा आणि पुढे जावं.

खरी अडचण सामग्रीची आहे. लॅटिनमधून आपल्यापर्यंत आलं ते बहुतेक प्रौढांचं लेखन: युद्धं, खटले, तत्त्वज्ञान, प्रेमभंग. अंगाईगीतं, बडबडगीतं जवळजवळ नाहीतच. तरी दोन ठिकाणी मला घबाड सापडलं. एक म्हणजे प्राचीन काळी ग्रीक आणि लॅटिन शिकणाऱ्यांसाठी केलेले दोन्ही भाषांतले छोटे पाठ. त्यात एका मुलाचा दिवस आहे: मी जागा झालो, अंथरुणातून उठलो, कपडे घातले, तोंड धुतलं, शाळेत गेलो. इतक्या शतकांपूर्वीचं मूल सकाळी तेच करत होतं हे कळल्यावर माझ्या मुलीने पुन्हा दात घासून दाखवले. दुसरं म्हणजे कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाचं १६५८ मध्ये न्युरेंबर्गला छापलेलं चित्रमय पुस्तक. त्याची सुरुवातच प्राण्यांच्या आवाजांनी होते. कावळा ओरडतो आ-आ, की झालं 'अ' अक्षर. कोकरू बें-बें करतं, की झालं 'ब'. हान्स ओर्बर्ग या डॅनिश शिक्षकाचं एकही भाषांतर न देता सगळं लॅटिनमधूनच समजावणारं पाठ्यपुस्तक उत्तम आहे, पण ते मोठ्या मुलांसाठी. ते मुलासाठी नको, आईबापांनी रात्री स्वतःसाठी वाचावं. स्वतः दोन पानं पुढे असल्याशिवाय घरात हा उद्योग चालत नाही, आणि दोनच पानं पुढे असलं तरी चालतं.

आता वयाचा मुद्दा. 'लहान मुलं भाषा स्पंजासारखी टिपतात, म्हणून लवकर सुरू करा' हेही टॉनिकवाल्यांचंच वाक्य. स्पंज टिपतो तो पाण्यात बुडवला तर. दिवसभर कानावर पडणारी भाषा लहान मूल सहज उचलतं, रोजच्या पंधरा मिनिटांत तसं होत नाही. मोजक्या तासांच्या शिकवणीत मोठी मुलं लहानांपेक्षा भराभर पुढे जातात, हे परभाषा शिकण्याच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. माझी मुलगी दोन-तीन वर्षांत जे शिकेल ते बारा वर्षांचा मुलगा काही महिन्यांत गाठेल. तेव्हा लवकर सुरू करून आघाडी मिळते असं मी म्हणणार नाही. लवकर सुरू करायचं ते एवढ्यासाठी की सहा वर्षांचं मूल 'याचा उपयोग काय' असं विचारत नाही, चुकायला लाजत नाही, आणि तीच गोष्ट चाळिसाव्यांदा ऐकायला चाळीस पट उत्सुक असतं. बाराव्या वर्षी यातलं बरंच संपलेलं असतं.

पाण्यात पूर्ण बुडवलेलं मूल कसं असतं, तेही पाहायला मिळतं. फ्रेंच निबंधकार मोंतेन १५३३ मध्ये जन्मला. बोलायला लागण्याआधीच वडिलांनी त्याला फ्रेंचचा गंधही नसलेल्या एका जर्मन शिक्षकाच्या हवाली केलं आणि घरात नियम केला की याच्यासमोर सगळ्यांनी लॅटिनच बोलायचं. आई, वडील, गडी, मोलकरीण, ज्याला जेवढे शब्द आले तेवढ्यांत. लॅटिन आसपासच्या गावांतही झिरपलं आणि काही अवजारांची लॅटिन नावं तिथे रूढ झाली, असं तो सांगतो. सहा वर्षांपर्यंत त्याला फ्रेंच येत नव्हतं. मग त्याला बोर्दोच्या विद्यालयात घातलं आणि तिथे, जिथे लॅटिनच शिकवत, त्याचं लॅटिन बिघडत गेलं. पुढे चाळीस वर्षं त्याने ते बोलण्यात जवळजवळ वापरलं नाही. तरी धडधाकट वडील एकदा अचानक भोवळ येऊन त्याच्या अंगावर कोसळले, तेव्हा त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते लॅटिन.

मोंतेनच्या वडिलांसारखं घर चालवायला पैसा, नोकरचाकर आणि हट्ट लागतो. इथे सगळ्यात टोकदार आक्षेप येतो: लॅटिन ही वरच्या वर्गाची खूण आहे, तुम्ही मुलीला तोच बिल्ला लावताय. हा आक्षेप खरा आहे. कित्येक शतकं लॅटिन हे दार होतं, आणि दाराचं काम जितकं आत घेण्याचं तितकंच बाहेर ठेवण्याचं. मुलींना, गरिबांना ते बंद होतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने प्रवेशासाठी लॅटिनची सक्ती काढली ती थेट १९६० मध्ये. शाळेत सगळ्यांना लॅटिन सक्तीचं करा असं कोणी म्हटलं तर मी विरोधात उभी राहीन. आणि पाहुणे आले की मुलाला उभं करून दोन लॅटिन वाक्यं म्हणायला लावणारे आईबाप तो जुना बिल्लाच चमकवत असतात, यातही वाद नाही. पण ज्या दाराला आज कुलूप नाही आणि पहारेकरीही निघून गेला, तिथून आत डोकावण्याला उच्चभ्रूपणा म्हणणं मला पटत नाही. साधनं फुकट उपलब्ध आहेत, परीक्षा नाही, आणि आई स्वतःच शिकाऊ आहे. मुलाला जिच्याशी बोलायचं आहे अशी आजीची किंवा शेजाऱ्यांची जिवंत भाषा शिकायची राहिली असेल तर मात्र ती आधी. तिथे लॅटिनने रांगेत मागे उभं राहावं.

मग उरतं काय? मला विचाराल तर, उरतो ऐवज. सहाव्या वर्षी टायरॅनोसॉरस रेक्समधला 'रेक्स' म्हणजे राजा, आणि तो आपल्या 'राजा'चा दूरचा भाऊ, हे कळतं. व्हेलोसिरॅप्टर म्हणजे चपळ लुटारू, हे कळल्यावर तर घरातल्या प्रत्येकाला दिवसभर लुटलं जातं. 'सेप्तेम' आणि सप्त, 'देन्स' आणि दंत, 'नोवुस' आणि नवा, अशी नाती सापडत राहतात. नवव्या-दहाव्या वर्षी, मन लागलं तर, फेद्रुसच्या पद्यातली लांडगा आणि कोकराची गोष्ट हाताला धरून वाचता येते. फेद्रुस हा पहिल्या शतकातला, गुलामगिरीतून सुटलेला माणूस. पाणी गढूळ केलंस म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभ्या कोकराला दरडावणारा लांडगा त्याने जसा लिहिला तसाच, कोणी सोपा न केलेला, मुलाच्या पुढ्यात येतो. याने गणिताचे गुण वाढत नाहीत. गोष्ट ज्याने सांगितली त्याच्याच शब्दांत ऐकायला मिळते, एवढंच होतं, आणि मुलाच्या प्रत्येक तासाचा जमाखर्च मागणाऱ्यांना ते पुरेसं वाटणार नाही हे मला माहीत आहे.

पहिल्याच आठवड्यात मी तिला शिकवलेल्या शब्दांत 'नोलो' होता. म्हणजे 'मला नको'. लॅटिनमध्ये आपल्या 'हो' आणि 'नाही'सारखे सुटे शब्द सहसा वापरत नाहीत, क्रियापदानेच उत्तर द्यायचं असतं. 'विदेस्ने कानेम?' 'विदेओ.' कुत्रा दिसतो का? दिसतो. ती 'नोलो' म्हणाली की त्या दिवशी लॅटिन बंद, असा आमचा करार आहे आणि मी तो पाळते. परवा पुस्तक उघडताच तिने 'नोलो' म्हटलं. मी मिटलं. उठता उठता सवयीने विचारलं, 'कूर?' का गं? तिने ओठांवर बोट ठेवलं, उशीखालच्या कापडी कुत्र्याकडे बघितलं आणि कुजबुजली, 'कानिस दोर्मित.'